आडव्याबाई

आमच्या जानेफळात डॉक्टर सुलभाबाईंच्या दवाखान्यात कुणाला खुर्ची मिळत नसे. दाढ दुखो की गुडघा, बाई चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "आधी आडवे व्हा, मंग बोला." टाय लावून आलेला औषध कंपनीचा माणूससुद्धा आडवा पडूनच आपल्या गोळ्यांचे गुण गाई. बाईंनी "हं, उठा" म्हटल्याशिवाय कुणी हलत नसे. गावानं त्यांचं नाव आडव्याबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. "उभा माणूस निम्मं तोऱ्यातच बोलते," असं त्यांचं म्हणणं.

माझा तोरा उतरवायला मात्र त्यांना विंचवाची मदत लागली.

मी मुख्याध्यापक झालो, म्हणून ग्रामपंचायतीसमोर माझा सत्कार ठरला होता. खास मेहकरहून बूट आणले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून ओट्यावर मांडून ठेवले. ते विंचवाला सगळ्यांत आधी दिसले. सत्काराला निघताना बुटात पाय घातला आणि अशी बोंब ठोकली, की तिला लाउडस्पीकरची गरज पडली नाही.

मेव्हणा शालिक मला मोटारसायकलवर घालून पंचायतीशेजारच्या दवाखान्यात घेऊन आला. दरदरून घाम, हातपाय थंडगार, छातीत धडधड. बाईंनी नाडी पाहिली, बीपी पाहिला, प्रॅझोसिनची गोळी दिली आणि खाली वाकून म्हणाल्या, "मास्तर, लाल इचू आहे. याच्यात माणूस जाते."

माझं उरलंसुरलं मुख्याध्यापकपण तिथंच संपलं. "पण बाई, चावला पायाले, छाती काऊन धडधडून राह्यली?"

"याच्या विषानं आंगातलं ॲड्रेनॅलिन उसळते. ते साऱ्या शिरा आवळते. एरवी निम्म्याच्या वर रक्त शिरांतच निवांत पडलं राह्यते, लग्नघरच्या पाहुण्यांवानी. शिरा आवळल्या, की हे सारे पाहुणे एकदमच काळजाच्या दारात. काळीज दमलं, की फुप्फुसात पाणी. या गोळीनं ॲड्रेनॅलिनचा जोर चालत नाही. शिरा सैल होतात, पाहुणे आपापल्या जागी."

"मंग झालं की!"

"काय झालं? शिरा आता इतक्या सैल, की तुम्ही उभे राह्यले तं सारं रक्त पायात मुक्काम ठोकते. डोक्याले काय पोचन? हातपाय गरम झाले तरी उठायचं नाही. उठायचं मी सांगीन."

काही वेळानं हातपाय गरम होऊ लागले. बाई आतल्या खोलीत एका बाळंतिणीला बघायला गेल्या. तेवढ्यात बाहेर लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं गेलं. नावापुढं 'विद्याभूषण' लावलेलं ऐकलं आणि मी उठलो. दारापर्यंत पोचलो, एवढं आठवतं. मग दारच वर वर जाऊ लागलं.

डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर, पाय स्टुलावर आणि नाडी बाईंच्या हातात. शालिकला त्या सांगत होत्या, "पाय असेच वर राहू द्या. रक्त येते परत. अकलीचं सांगता येत नाही."

सत्कारमूर्ती येत नाही म्हटल्यावर सत्कारच दवाखान्यात आला. बाई मला उठू देईनात. शेवटी सरपंचांनी खाटेवरच माझ्या गळ्यापर्यंत शाल पांघरली, छातीवर हार ठेवला, उशाशी नारळ. सगळे गप्प उभे. नेमके त्याच वेळी उंद्रीचे मामा सत्काराला म्हणून आले आणि दारातूनच त्यांनी हंबरडा फोडला, "असा कसा गेला रे माह्या राजा!"

"मामा, मी आहो ना!" म्हणत मी मान उचलली. मामा दोन पावलं मागं उडाले. बाईंनी माझं कपाळ दाबून पुन्हा उशीला टेकवलं. "मेल्यावानी पडा मास्तर, तरच जगसान."

संध्याकाळपर्यंत त्या खाटेशेजारी बसून होत्या. घरून आलेला डबा तसाच होता. मधूनमधून माझ्या तळव्याला हात लावून बघत आणि पुटपुटत, "गरम आहे." तो हात मला अजून जाणवतो.

यंदा बाई गेल्या. झोपेतच. पंचायतीसमोर श्रद्धांजली सभा झाली. सरपंच म्हणाले, "सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं." सारं गाव उभं राहिलं. मी बसूनच.

"भाऊजी, उठा ना," शालिक कुजबुजला. "लोक पाहून राह्यले."

"बाईंनी सांगतलं नाही अजून."

शालिकनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग तोही हळूच खाली बसला.