दोरी आणि तीन शब्द

पाण्याची मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी गळ, आमिष असलं काही बोलू लागलो की कुणाचा भलता समज व्हायला नको. माझं लहानपण कृष्णाकाठी गेलं आणि तरी मला पोहता येत नाही. आई नदीवर जाऊच द्यायची नाही. बाकीची पोरं पुलावरून उड्या मारायची आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. नोकरीनं दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणून टाकलं तेव्हा वाटलं, चला, आता नदीशी संबंध संपला.

पण आमच्या डोक्यावर भाईसाहेब राहत होते. वरच्या मजल्यावरचे शेजारी, दुसऱ्या कुठल्याशा मंत्रालयात माझ्याच हुद्द्यावर. मूळचे बनारसकडचे. माणूस मोठा लाघवी, आणि मासे धरण्याचं वेड डोक्यात गेलेलं. घरात मासा खाणारे ते एकटेच होते, त्यामुळे धरलेले निम्मे परत पाण्यात सोडायचे. रविवारी सकाळी सहाला खाली स्कूटरचा हॉर्न वाजायचा आणि मी मागच्या सीटवर गळाचे बांबू उभे धरून बसायचो. कधी ओखल्याला यमुनेवर, कधी हिंडनवर, कधी सोहन्याकडच्या दमदम्याच्या तळ्यावर, आणि त्यांचा मूड अगदी चांगला असला तर गाझियाबादच्या पुढे मुरादनगरला, गंगनहरवर, म्हणजे गंगेच्या कालव्यावर.

मी का जायचो? एक तर त्यांना नाही म्हणणं कुणालाच जमायचं नाही. दुसरं म्हणजे, काठावर, पाण्यापासून चांगला चार हात लांब बसून गळाच्या दोऱ्यावरचा मोराच्या पिसाच्या देठाचा तो तरंगा बघत राहणं मला आवडू लागलं होतं. तो हलकेच थरथरतो, थांबतो आणि एकदम बुडतो. तेवढ्यापुरती भीती कशी गोड वाटायची. बाकीचा सगळा वेळ मात्र मी भाईसाहेबांवर चिडलेला असायचो, कारण गळ कुठे अडकला की हा माणूस पँट दुमडून सरळ पाण्यात उतरायचा. अडकलेला गळ तोडून टाकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

शेवटी एकदा मी म्हटलं, तुम्ही असं उतरणार असाल तर मी येणार नाही. ते हसले आणि पुढच्या रविवारी गच्चीवरची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेऊन आले. म्हणजे ती दोरी आली तीच मुळी माझ्या भीतीपायी. एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. कमरेची गाठ अशी की शेपूट ओढलं की क्षणात सुटावी. ते म्हणाले, दोरीत पाय गुंतून माणूस बुडतो, दोरीविना नाही.

मग शब्द ठरले, तीन. पाण्यातला माणूस ‘ढील’ म्हणाला की मी दोरी सैल सोडायची. ‘खींच’ म्हणाला की ओढायची. आणि तिसरा शब्द माझा होता. दोरी मागे कशात अडकली, किंवा वरून एखादं लाकूड वाहत येताना दिसलं, तर मी ‘खोल’ म्हणायचं आणि त्यांनी गाठ सोडायची.

“पूछूँगा नहीं,” ते म्हणाले. “आप बोलेंगे और मैं खोल दूँगा. पीछे की आँख तो आप ही हैं.”

माझ्यासारख्या भित्र्या माणसाला कुणी मागचा डोळा म्हणावं, याचा मला मनातून अभिमान वाटला होता.

होळीच्या आधीचे दिवस होते. गंगनहरला पाणी भरपूर होतं, गढूळ, आणि त्याला असा वेग की बघता बघता गरगरायला व्हावं. नदीचं पाणी निदान कुठे तरी थांबतं, वळतं. कालव्याचं पाणी दोन भिंतींमधून सरळ पळत असतं. आम्ही स्नानाच्या घाटापासून थोडं वर, जुन्या मोडक्या पायऱ्यांपाशी बसलो होतो. खाली घाटावर लोकांना धरायला पाण्यात लोखंडी साखळ्या सोडलेल्या होत्या, त्या तिथून दिसत होत्या. मी आल्या आल्या त्या मोजून ठेवल्या होत्या. मला सवयच आहे तशी.

दहाच्या सुमाराला भाईसाहेबांचा गळ अडकला. त्यांनी दोरी बांधली आणि उतरले. एक पायरी, दोन पायऱ्या, पाणी मांडीपर्यंत. दोरीला माझ्याकडून ताण होता, त्या ताणावर रेलून ते पाय रोवत होते. मी उजव्या हाताला दोरीचा वेढा दिला होता आणि डाव्या हातात माझा बांबू होता. काय वाटलं कोण जाणे, त्यांच्या पुढची पायरी कुठे आहे ते बघावं म्हणून मी पाण्याच्या कडेला वाकून बांबू आत घातला. तो गेला. जातच राहिला. माझा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला तरी टोकाला काही लागेना. तिथे पायरी नव्हतीच. आणि भाईसाहेबांनी पुढचं पाऊल उचललेलं होतं.

ऑफिसातलं हिंदी, बसमधलं हिंदी, इतक्या वर्षांचं सगळं हिंदी त्या क्षणी पुसून गेलं आणि आईच्या भाषेत मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, “खोल! खोल!”

त्यांनी विचारलं नाही. शब्द दिला होता तसं मागे वळूनही न बघता शेपूट ओढलं. माझ्या हातातली दोरी हलकी झाली.

ती दोरी हलकी झाल्याचं मला आजही हाताला जाणवतं. आधार गेल्याबरोबर ते पुढे कलंडले, शेवाळावरून पाय सरकला आणि डोकं तेवढं दिसू लागलं, तेही लांब. मी काठानं धावत सुटलो. चप्पल कुठे गेली कळलं नाही. मी “धरा, धरा” असं ओरडत होतो, तेही मराठीतच. घाटावरच्या लोकांना त्यातलं काय कळणार? पण धावणारा माणूस बघून दोघे-तिघे उठले. भाईसाहेब दोनदा दिसेनासे झाले. पहिली साखळी हुकली, दुसरी हुकली. मोजून ठेवल्या होत्या म्हणून मला माहीत होतं की आता एकच उरली आहे. तिला त्यांचा हात लागला.

दोघांनी त्यांना वर ओढलं. ते पालथे पडून पाणी ओकले, मग उठून बसले, थरथर कापत होते आणि हसायचा प्रयत्न करत होते. माझा हात धरून म्हणाले, “आपने बचा लिया. रस्सी फँस गई थी न?”

मी मान हलवली.

बस, एवढंच. तोंडानं मी खोटं बोललो नाही, मान हलवली. मग त्यांना तिथेच बसवून सामान आणायला मागे गेलो. दोरी पायऱ्यांवर सरळ, मोकळी पडलेली होती. कशातसुद्धा अडकलेली नव्हती. त्यांनी बघायच्या आत मी ती घाईघाईनं गुंडाळून पिशवीच्या तळाशी कोंबली.

संध्याकाळपर्यंत आमच्या ब्लॉकभर झालं की माझ्या प्रसंगावधानामुळे भाईसाहेब वाचले. लोक मला चहाला बोलावू लागले. स्वयंपाकघरात बायकोनं विचारलं, “अहो, पण तुम्ही नेमकं काय ओरडलात?”

“खोल.”

तिचं पोळी लाटणं थांबलं. “मराठीत?”

उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, “सांगून टाका त्यांना. जेवढा उशीर कराल तेवढं जड जाईल.”

मी सांगितलं नाही. त्या श्रावणात भाईसाहेबांची बायको, आमच्या भाभीजी, ताट घेऊन खाली आल्या आणि मला राखी बांधली. म्हणाल्या, “आज से आप मेरे भैया. मेरा सुहाग आपने लौटाया है.” मी पाटावर बसलो होतो आणि कपाळावरच्या कुंकवाखाली मला दरदरून घाम फुटला होता. बायको दाराशी उभी होती. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

आणि भाईसाहेब? त्यांचा तर माझ्यावर पूर्वीहून जास्त विश्वास बसला. आता ते आधीपेक्षा बेधडक उतरायचे. “पीछे आप हैं,” म्हणायचे. मी दर शनिवारी देवाला विनवायचो की उद्या स्कूटर सुरू होऊ नये. ऑफिसला जाताना बसमध्ये मी ‘गहरा, गहरा’ असं पुटपुटत बसायचो, शाळेतल्या पोरानं पाढा घोकावा तसं. एकदा शेजारच्या सरदारजींनी विचारलं, तब्येत ठीक आहे ना? पण मला पक्कं कळून चुकलं होतं की घोकून काही होणार नाही. भीती वाटली की माझ्या तोंडून जे येणार ते मराठीतच येणार.

अशा तीन राख्या झाल्या. तिसऱ्या वर्षी मला ते सहन होईना. भाईसाहेब बाजारात गेले होते, बायको आत होती. भाभीजी धाग्याची गाठ मारत होत्या, तेव्हा मी खाली मान घालून म्हणालो, “भाभीजी, एक बात है. उस दिन रस्सी कहीं नहीं फँसी थी. हमारी भाषा में खोल माने गहरा.”

त्यांचे हात थांबले नाहीत. गाठ नीट बसवून त्यांनी दुसरीही मारली.

“मालूम है, भैया,” त्या म्हणाल्या. “पहली राखी के बाद ही मालूम हो गया था. आपकी बिटिया मेरे यहाँ अचार लेने आई थी. मर्तबान में चम्मच डालकर बोली, आंटी, ये तो बहुत खोल है, नीचे तक जाता ही नहीं.”

आमची मुलगी दिल्लीत वाढलेली. हिंदीत मराठी आणि मराठीत हिंदी कालवते म्हणून मी तिच्यावर नेहमी करवादायचो. दोन वर्षं ही बाई सगळं माहीत असून माझ्या हातावर राखी बांधत होती.

“फिर आपने उनको...”

“नहीं बताया. आप भी मत बताइएगा.” दाराकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. “नदी वो छोड़ेंगे नहीं. आप पर से भरोसा उठ गया तो अकेले जाएँगे. फिर रस्सी भी नहीं रहेगी.”

त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला, तोंडात भरवला नाही.

“बस, अब से आप कुछ बोलिए मत,” त्या म्हणाल्या. “कुछ भी दिखे, चुप रहिए. और रस्सी मत छोड़िए.”

पुढच्या रविवारी सहाला हॉर्न वाजला. आम्ही ओखल्याला गेलो. मी माझा बांबू घरीच ठेवला होता, भाईसाहेबांनी कारण विचारलं तेव्हा हात दुखतो म्हणून सांगितलं. त्यांचा गळ अडकला, त्यांनी दोरी बांधली आणि उतरले. ती सुटणारी गाठ होती, नेहमीचीच. मी दोरी दोन्ही हातांना गुंडाळली, काठावरच्या दगडाला पाय लावले आणि दात घट्ट मिटून धरले. त्यांनी पाण्यातून हाक मारली, “पीछे सब ठीक?” मी उत्तर दिलं नाही, फक्त दोरी थोडी ओढली.