‘खाली’ म्हणजे कुठे?

‘खाली’ हा शब्द कानावर पडला की ते प्रकरण आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती आणि मी देवासला ठाणेदार होतो.

तिथल्या एका छोट्या संग्रहालयात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. मूर्तींच्या सगळ्या नोंदी त्यात भरायचं काम चालू होतं. एके सकाळी ठाण्यात फोन आला. काळ्या दगडाचा विष्णू गायब आहे, नोंदी ठेवणारे नाना रजा टाकून पसार झालेत. नाव विचारताच फोन बंद! असले लोक नाव कधीच सांगत नाहीत. जाऊन पाहिलं तर फळी रिकामी, आणि कॉम्प्युटरही म्हणतो जागा रिकामी. यंत्रानेच साक्ष दिल्यावर तिथल्या साहेबांची खात्रीच पटली.

नाना धारला लेकीकडे सापडले. निवृत्तीला टेकलेला माणूस. आमच्या शिपायांनी त्यांना व्याह्यांच्या दारातून, अख्ख्या गल्लीदेखत जीपमध्ये बसवलं.

चौकशीत नानांचा एकच धोशा. “खाली आहे हो, खाली आहे.” आमचा हवालदार टोंकखुर्दचा, मराठीचा गंध नाही. धावत माझ्याकडे आला. “साब, मान गया! खुद बोल रिया है, खाली है.” पठ्ठ्या कबुलीजबाब लिहायलाही बसला होता.

मी उठून आत गेलो. “नाना, खाली म्हणजे कुठे?”

“अहो साहेब, खाली म्हणजे खाली! तळघरात! फळीला वाळवी लागली होती. बाहेरचे दोन हमाल धरून मूर्ती उतरवली आणि फळीवर खडूने ‘खाली’ लिहून ठेवलं.”

नोंदी भरणारी मुलगी मराठी घरातलीच, पण शिकलेली हिंदीत, आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं. रिकामी फळी, त्यावर ‘खाली’. तिने रिकामी जागा म्हणून यंत्रात भरलं आणि खडू पुसून टाकला.

पंचांसमोर तळघर उघडलं. विष्णू जुन्या रजईत गुंडाळून भिंतीला टेकवलेला होता. मुलगी हुंदके द्यायला लागली. नाना म्हणाले, “रडू नकोस गं पोरी. आधी ते यंत्रात दुरुस्त कर.” तिने केलं. मग ते माझ्याकडे वळले.

“साहेब, इथलं दुरुस्त झालं. धारच्या गल्लीतलं कोण करणार? माझ्या लेकीला तिथे जन्म काढायचाय.”

कायद्याने माझं काम संपलं होतं. पण ते शब्द काही केल्या पाठ सोडेनात.

दुसऱ्या दिवशी गणवेश चढवला, नानांना त्याच जीपमध्ये माझ्याशेजारी पुढे बसवलं आणि धार गाठलं. गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हरला म्हटलं, “भिया, हॉर्न बजाते चलो.” लोक दारादारांत आले. मी उतरलो आणि सगळ्यांसमोर नानांना वाकून नमस्कार केला.

संशय फिटला म्हणून माणसाला ठाण्याच्या फाटकातून सोडून देणं पुरेसं नसतं, जिथून उचललं तिथे त्याला नेऊन पोचवावं लागतं. हे मी त्या दिवशी शिकलो आणि पुढे नोकरीभर पाळलं.

व्याही ओट्यावरून हलले नव्हते. नानांची लेक दाराआडून सासऱ्यांच्याच तोंडाकडे बघत होती. शेवटी ते दोन पायऱ्या उतरले आणि त्यांनी नानांचा हात धरला. “व्याहीबुवा, बाहेर काय उभे? आत चला. सूनबाई, पानं वाढा, तुमचे वडील आलेत.”