बुधवारचं घड्याळ

कोरेगावात आक्काताईला ओळखत ते तिच्या नवऱ्यामुळं. हिंदुराव एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची सव्वासहाची सांगली गाडी स्टँडातून हलली की समोरचा चहावाला आपलं घड्याळ लावून घ्यायचा, असं लोक सांगत. लोक थोडं वाढवून सांगत असतील, पण त्या गाडीपायी आक्काताई उभा संसार पहाटे चारला उठत आली, हे मात्र खरं. डबा, पाण्याची बाटली, इस्त्री केलेली खाकी, सगळं दारात तयार ठेवूनच ती त्यांना हाक मारायची.

रिटायर झाल्यावर मिळणारी पेन्शन सांगायलासुद्धा लाज वाटावी अशी होती. आक्काताई ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. पोरगी रेश्मा सांगलीत दिलेली. दोघांचं कसंबसं भागत होतं, आणि तेवढ्यात हिंदुरावांच्या डोक्यात काहीतरी निसटायला लागलं. आधी माणसांची नावं गेली. मग चहा पिऊन कप खाली ठेवला की पुन्हा चहा मागायला लागले. आणि मग एका पहाटे उठून त्यांनी खाकी मागितली.

"किती वाजलं गं? गाडी लावायची हाय."

आक्काताईनं त्यांना समजावलं, की आवं, तुमी रिटायर झालाय. ते तिच्याकडं असे बघत राहिले की तिलाच अपराध्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं वेगळं उत्तर दिलं. "लय येळ हाय अजून. पडा जरा." ते निमूट पडले. त्यांचं जुनं घड्याळ चावी पिळून पिळून मोडलं होतं, त्यामुळं ती सांगेल ती वेळ. दिवसातून कितीतरी वेळा ते विचारायचे आणि ती तेच सांगायची. रडत्या पोराला थोपटावं तसं ते खोटं तिच्या तोंडात बसून गेलं. तरी दोन-तीनदा ते नजर चुकवून स्टँडावर पोचलेच. तिथला कंट्रोलर आकाराम त्यांच्याच हाताखाली वावरलेला. तो त्यांना बाकावर बसवायचा आणि फोन करायचा, "वहिनी, दादा हिथं हायत."

रेश्मानं धोशा लावला म्हणून मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आजार मागं फिरणारा नाही, हेही न लपवता सांगितलं. उठताना म्हणाले, "यांना दिवस-वेळेचं भान राहत नाही, त्यानं जीव घाबरतो. वार आणि तारीख दिसेल असं मोठ्या आकड्यांचं घड्याळ हातात घाला. थोडा आधार वाटेल."

आक्काताईला ते गोळ्यांपेक्षा पटलं. मनात म्हणाली, चला, आता तरी मला खोटं बोलायला नको.

तिथनं तिघं सांगलीत आली. शिलाईचे हजारभर रुपये आक्काताईच्या बटव्यात होते आणि त्यातच परतीचं तिकीट बसवायचं होतं. गणपती पेठेतल्या एका अरुंद दुकानात रेश्मानं आधी स्मार्टवॉच मागितलं. "म्हणजे आण्णा कुठं गेले ते फोनवर कळेल."

दुकानदार डबा काढता काढता थांबला. "ताई, या किमतीतलं घड्याळ फोनला बांधलेलं असतं. फोन घरात आणि माणूस रस्त्यावर, मग ते काही सांगत नाही. माणूस शोधून देणारंही येतं, पण ते महाग. आणि दर दोन दिवसांनी चार्जिंगला लावायचं. तुमच्याकडनं होईल का बघा."

आक्काताईनं नको म्हणून मान हलवली. मग त्यानं सोनेरी पट्ट्याचं एक काढलं. हिंदुरावांना ते लगेच आवडलं. हातात घालून त्यांनी मनगट फिरवून बघितलं, वऱ्हाडातल्या पाहुण्यासारखं.

"आण्णा, वार कुठला हाय त्यात?" रेश्मानं विचारलं.

वाराची चौकट तिळाएवढी. हिंदुरावांनी हात जवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मग हात खाली सोडून ते वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिले, जणू प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारला होता. आक्काताईनं ते घड्याळ स्वतःच्या हातानं काढून काउंटरवर ठेवलं.

"ह्ये नको. आकडं मोठं असलेलं दाखवा."

शेवटी काळ्या रबरी पट्ट्याचं डिजिटल घड्याळ निघालं. करडी काच, त्यावर ठळक काळे आकडे, वर वाराची तीन इंग्रजी अक्षरं. रेश्मा हळूच म्हणाली, "आई, शाळेतल्या पोराचं दिसतंय गं."

"दिसू दे. वाचता आलं म्हंजे झालं."

तिनं ते दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात धरून बघितलं. सेल किती वर्षं जातो, पट्टा तुटला तर वेगळा मिळतो का, चुकून बटण दाबलं गेलं तर वेळ बदलते का, सगळं खोदून विचारलं. दुकानदार म्हणाला, नुसतं दाबून बदलत नाही, हे बटण धरून ठेवावं लागतं. मग हे, मग हे. तिनं त्याच्यासमोर दोनदा करून बघितलं. तोवर त्यानं चोवीस तासांची वेळ लावून दिली होती. हिंदुरावांनी काचेत बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सतरा पाच," ते म्हणाले. "मंगळवार. ह्यो आपला एसटीचा टाइम हाय."

पैसे देताना आक्काताईनं घासाघीससुद्धा केली नाही.

पहिले काही दिवस घरात सुख होतं. हिंदुराव वेळ विचारायचं थांबले, उलट न विचारता सांगायला लागले. "बारा वीस झालं, जेवाण?" शेजारच्या बनुबाई कुंपणावरून बोलायला आल्या की त्यांनाही वेळ सांगायचे. आक्काताईला वाटलं, आपला माणूस अर्धा तरी परत आला.

पण घड्याळ सकाळीही खरंच बोलायचं. एका पहाटे ते उठून बसले आणि तिनं सवयीनं म्हटलं, "लय येळ हाय अजून."

त्यांनी मनगट तिच्यापुढं धरलं. "पाच पन्नास झालंत. तू खोटं बोलतीस."

तो आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. तिनं पुन्हा रिटायर झाल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "खोटं बोलणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं?" त्या दिवसापासून त्यांनी तिच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. तिनं दिलेला चहा हुंगून बघायचे. खाकी तिनंच लपवली, डेपोत तिनंच चुगली केली, आणि त्यामुळं आपल्याला मेमो मिळणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. जन्मभर ज्या बाईच्या हातचा डबा न उघडता नेला, तिच्या हातचा घास घ्यायला ते कचरू लागले. आक्काताई चुलीपुढं बसून रडायची, मग तोंड धुऊन पुन्हा ताट वाढायची.

आणि एका सकाळी ती गवळ्याकडनं दूध आणायला गेली तेवढ्यात ते निसटले. ती धावत स्टँडावर गेली. आकाराम त्या दिवशी रजेवर होता. हिंदुराव साताऱ्याच्या गाडीत चढलेले कुणीतरी बघितले होते.

साताऱ्याच्या स्टँडावर काय झालं ते तिला तिथल्या लोकांकडनंच कळलं. फलाटाला एक गाडी उभी होती, आत माणसं बसलेली, ड्रायव्हर चहाला गेलेला. हिंदुराव दार उघडून सीटवर बसले आणि हॉर्न वाजवायला लागले. एका उतारूला वाटलं, म्हातारा पिऊन आलाय. त्यानं आणि आणखी दोघांनी त्यांना दंडाला धरून खाली ओढलं. सदऱ्याची बाही फाटली, गुडघा फुटला. कुणीतरी फोन काढून शूटिंग करत होतं. एका म्हाताऱ्या कंडक्टरनं ओळखलं म्हणून बरं. त्यानं सगळ्यांना बाजूला सारून त्यांना चौकीत नेऊन बसवलं.

आक्काताई पोचली तेव्हा हिंदुराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. तिला बघून ते रागावले नाहीत. रडवेल्या आवाजात म्हणाले, "गाडी लेट झाली गं. मानसं खोळंबली."

तिनं पदरानं त्यांचा गुडघा पुसला. त्यांना हात लावायला मिळाल्याला बरेच दिवस झाले होते, हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं.

घरी आल्यावर तिनं घड्याळ काढून कपाटात टाकलं. ते आणखी वाईट झालं. मोकळ्या मनगटावरून ते सारखं बोट फिरवायचे, अंथरूण उलथंपालथं करायचे, तिला चोर म्हणायचे. तिसऱ्या दिवशी तिनं ते परत दिलं आणि दाराला आतून कडी घालून, कडीला कुलूप लावून राहायला लागली.

अशात एका सकाळी ते उठले, घड्याळात बघितलं आणि पुन्हा आडवे झाले. आक्काताई कुलपाजवळ उभी. तिला वाटलं, बरं वाटत नाही की काय.

"आज जायाचं न्हाई व्हय?" तिनं भीत भीत विचारलं.

"आज बुधवार. आपली सुट्टी न्हाई का?"

तेव्हा तिला आठवलं. नोकरीत त्यांची आठवड्याची सुट्टी बुधवारी असायची. तो दिवस त्यांनी अंगणात बसून काढला, बनुबाईंना हाक मारली, दुपारी तिच्या हातचं पोटभर जेवले. गुरुवारी पुन्हा खाकी, पुन्हा मेमो, पुन्हा कुलूप. आक्काताई पुढच्या बुधवारची वाट बघत राहिली. तो बुधवारही तसाच शांत गेला.

त्या संध्याकाळी हिंदुराव आंघोळीला गेले. ड्यूटीवरून आल्यावर आंघोळ करायची जुनी सवय, आणि घड्याळ काढून खुंटीला अडकवायचं. आक्काताईनं ते हातात घेतलं. वरची तीन अक्षरं तिनं रेश्माच्या शाळेच्या वेळी शिकलेल्या इंग्रजीवर जुळवून वाचली, तर 'वेड' असं झालं. तिला हसू आलं नाही. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. तिनं बटण धरून ठेवलं आणि तारीख एक दिवस मागं घेतली.

ते बाहेर आले, घड्याळ बांधलं, बघितलं. "मंगळवार. उद्या सुट्टी," ते म्हणाले, आणि मिशीतल्या मिशीत हसले.

मग रोज तेच. संध्याकाळी ती तारीख मागं घ्यायची, रात्री घड्याळ आपोआप बुधवारात जायचं. कुलूप निघालं. ते तिच्या हातचं खायला लागले, तिला नावानं हाक मारायला लागले. एकच अडचण झाली. सुट्टीच्या दिवशी त्यांना मटण लागायचं, आणि आता सुट्टी रोजची. रोजचं मटण तिनं कुठनं आणायचं? अंड्याचा रस्सा, नाहीतर सोयाबीनच्या वड्या, आणि वर सढळ कांदा-लसूण मसाला. "मटान आज चिवट हाय," म्हणत ते खायचे.

पण आक्काताईचा जीव खात होता. ज्या माणसानं आयुष्यात गाडी मिनिटभर उशिरा काढली नाही, त्याच्या मनगटावर आपण खोटी तारीख बांधतोय, हे तिला रोज संध्याकाळी बोचायचं. ती कुणाला बोलली नाही, डॉक्टरांनासुद्धा नाही.

पाडव्याला रेश्मा आली. वडिलांचा हात हातात घेऊन बसली होती, आणि एकदम म्हणाली, "आई, हे बिघडलंय. तारीख बघ कुठली दाखवतंय. पावती असेल तर दे, बदलून आणते."

"बिघडलं न्हाई. मी करती."

रेश्माला आधी कळेना. कळलं तेव्हा ती तिला आत घेऊन गेली. "डॉक्टरांनी खरा वार कळावा म्हणून घ्यायला सांगितलं आणि तू आण्णांना फसवतीस?"

"व्हय," आक्काताई म्हणाली. "आधी मी तोंडानं फसवत हुते, तर त्यास्नी माझीच भीती वाटाया लागली. आता घड्याळ बोलतंय. घड्याळावर त्यांचा इस्वास हाय, आनी माझ्यावर बी बसलाय. एवढं असू दे मला."

जाताना रेश्मानं आईच्या हातात नव्या सेलचं पाकीट ठेवलं आणि न बघता रिक्षात बसली.

पावसाळा सरता सरता आक्काताईला थंडीतापानं घेरलं. एका संध्याकाळी ती उठलीच नाही आणि तारीख मागं घ्यायची राहून गेली. सकाळी जाग आली तसं तिला ते आठवलं. आज गुरुवार दिसणार. दाराला कुलूप नाही. ती भिंतीला धरून बाहेरच्या खोलीत आली.

हिंदुराव कॉटवर बसले होते. त्यांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं, बराच वेळ बघितलं आणि हात मांडीवर ठेवला. ती वाट बघत उभी राहिली. आता खाकी मागतील, आता गाडीचं नाव काढतील. साडेसहा झाले, सात झाले. ते तसेच बसून होते. तिच्या मनात आलं, मागा की एकदा, भांडा माझ्याशी.

मग ती त्यांच्याजवळ बसली. त्यांचा हात आपल्या मांडीवर घेऊन तिनं बटण धरून ठेवलं आणि मोबाइलवर बघून खरी तारीख, खरा वार लावला. बांगड्या भरायला पोरगी हात पुढं करते तसा त्यांनी तो निमूट धरला होता.

"किती वाजलं, सांगा बरं," ती म्हणाली.

त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "कुनाचं हाय ह्ये?"