मी पुसलेले देवीचे व्रण

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटली.

मी मासिकांसाठी जुन्या काळातल्या माणसांची चित्रं काढते. या महिन्यात एका स्वातंत्र्यसैनिक बाईंचं काढलेलं. सकाळी त्यांची साठीतली नात शहाडहून माझ्या नौपाड्यातल्या घरी आली, हातात मासिक घेऊन.

"चित्र छान आहे, पण ही आमची आजी नाही हो. आजी काळी होती, तोंडभर देवीचे व्रण. तुम्हाला फोटो नव्हता का मिळाला?"

"मिळाला होता," मी खाली मान घालून म्हणाले.

रंग मीच उजळला, व्रण मीच पुसले. कुणी सांगितलंही नव्हतं.

त्यांची माफी मागितली, संपादकांना फोन केला. पुढच्या अंकात आजी होत्या तशा छापतील.

पण मी स्वतः सावळी आहे. तरी माझा हात गोऱ्या रंगाकडेच का गेला? तुमचाही जातो का?