ऑइल पेंटचे दोन हात

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही – आणि ती तर चारचौघांत सांगते, की यांच्या पोटात काही राहत नाही. राहतं की! इतकी वर्षं राहिलंय. हल्ली बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की बसावंसं वाटतं, म्हणून तुम्हाला सांगतो. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

पेठच्या अलीकडं आत एक वाडी आहे. तिथल्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी मास्तर होतो, नव्वदनंतरच्या वर्षांत. कार्यानुभवाचा तास माझ्याकडं. त्या तासाला पोरं मैदान झाडायची, नाहीतर खडूच्या खोक्यांची घरं करायची. मी ते बंद केलं. म्हटलं, घरात जे काम अडतंय त्यावर काहीतरी करून आणा – तुमच्या हातानं, चालणारं. हे माझं चांगलं काम, ते आधी सांगून घेतो. बघा, अजून मुद्द्याला हात घालवत नाही.

सातवीत संगीता होती. काटकुळी, प्रश्न विचारून वैताग आणणारी. तिच्या घरी कांदा निवडायचं काम पोरींकडं – बारकी गोल्टी वेगळी, मोठा वेगळा – मान मोडेपर्यंत. तिनं त्यावर यंत्र केलं. जुन्या पाइपांचे दोन रूळ, वरच्या टोकाला जवळ, खाली फाकलेले. सायकलचं चेनसकट बसवलेलं पायडल हातानं फिरवलं की रूळ फिरायचे, कांदा घरंगळायचा, गोल्टी आधी पडायची, मोठा शेवटी. मी काय शिकवलं त्यात? रुळांचा आस बसवायला ती फळीत भोकं पाडत होती तेव्हा फळी धरली, एवढंच.

तिचे वडील मला म्हणाले होते, "सर, तालुक्याच्या प्रदर्शनात नंबर आला तर पोरीला आठवीला मंचरला धाडतो. न्हाई आला तर घरी काम हाय." पोरीचं शिक्षण असं पैजेवर लावायचं? राग आला होता मला. पण "बरं" म्हणालो. पोरीलाही हे ठाऊक होतं.

आता रंग. तेव्हाची शाळांची प्रदर्शनं पाहिली असतील तर आठवेल – ऑइल पेंटचे दोन हात दिल्याशिवाय कुठलीही वस्तू तालुक्याला जात नसे. परीक्षक म्हणे आधी चकाकी बघतात. आणि माझा हात रंगात बसलेला. आसपासच्या शाळांच्या भिंतींवरची अक्षरं माझी. आदल्या दिवशी पोरं घरी गेल्यावर मी यंत्राला हिरवा रंग दिला, रुळांना तांबडा. पोरीला विचारलं नाही – तिला काय विचारायचं, मी सर होतो ना! दुसरा हात देताना रंग आसाच्या भोकांत ओघळला. ते मला दिसलं होतं. दिसलं होतं, राव. फडकं आणायला उठायचा कंटाळा केला.

मंचरला प्रदर्शनात परीक्षक समोर आले. संगीतानं पायडल फिरवलं, रूळ जागचे हलेनात. जोर लावला तर चेन उतरली. मागं तिचे वडील टोपी हातात घेऊन उभे. ती वाकली, भोकापाशी नखानं खरवडून बघितलं, आणि हळूच मला म्हणाली, "सर, रंगानं तर धरलं नसंल?"

कळलं होतं हो तिला! एका नजरेत कळलं होतं. आणि मी – परीक्षक ऐकतायत, हेडमास्तर ऐकतायत – मी म्हणालो, "रंगाचा काय संबंध? तुझी भोकंच वाकडी पडलीत. घाई करू नको म्हणून सांगितलं होतं." सांगितलं होतं? कधी? फळी मीच धरली होती की. तिनं माझ्याकडं बघितलं, मग भोकांकडं, आणि मान डोलावली. सरांनी सांगितलं म्हणजे पटलं.

यंत्र शाळेत परत आलं. कुणी नसताना मी रॉकेलचं फडकं फिरवलं, आसात खोबरेल सोडलं. फिरलं! अर्धी पाटी कांदा टाकून बघितला – गोल्टी इकडं, मोठा तिकडं. तेव्हा तरी तिच्या घरी जायचं की नाही? वाडी ती केवढीशी! गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत सुट्टी लागली. जूनमध्ये तिच्या वर्गातल्या काही पोरी मंचरच्या एसटीत बसल्या. संगीता त्यांच्यात नव्हती.

बऱ्याच वर्षांनी बेल्ह्याच्या बाजारात भेटली. नवरा गाय बघत होता, ही लेकीचा हात धरून उभी. मला बघून धावत आली, पाया पडली. म्हणाली, "सर, तुमी माझ्यापायी लई राबला व्हता. मीच घाई केली, भोकं वाकडी पाडली. तुमचं नाव घालवलं." मग लेकीकडं बोट करून हसली, "ही पन अशीच काय काय जोडत बसती. मी म्हनते, ठिव ते. आपल्याला नाय जमत."

टेम्पो वाजत होते, माणसं धक्के देत होती, पण ती हलली नाही. माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. काय बोलायचं ते मला माहीत होतं. चार शब्दांचं काम होतं, आणि लेकही ऐकत होती.

मी संगीताच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे गं. लहानपणी होतात चुका."