गोदूआक्काचे धवले

आमच्या दिघाशीत लग्न ठरलं की हॉलच्याही आधी गोदूआक्काला विचारायचे. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला धवलारीण लागते, आणि आसपासच्या गावांत ती एकटीच उरली होती. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ नाही. पण लग्नसराईत तिच्या घराला कायम कुलूप. माझी सख्खी शेजारीण म्हणून सांगते, बाई भारी तोऱ्याची. गाताना नवरीची आई जरी मध्ये बोलली तरी डोळे वटारायची.

हाडं ठिसूळ झाली म्हणून सहा वर्षं ती आठवड्याला एक गोळी घेत होती. मग भिवंडीला जाऊन दाढ काढली आणि ती जखम काही भरेना. हिरडीतून हाड उघडं पडलं, पू येऊ लागला. ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गोळ्यांनी क्वचित एखाद्याचं जबड्याचं हाड मरतं. गोळ्या बंद झाल्या आणि रोज एक हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं. पेनासारखं असतं ते, थंड ठेवावं लागतं. आक्काकडे कुठला फ्रीज? म्हणून ते माझ्या फ्रीजमध्ये, आणि रोज सकाळी तिच्या पोटाला चिमटा धरून टोचणारीही मीच.

दुखण्याचं तिला फारसं काही नव्हतं. लाज होती ती वासाची. धवले म्हणायचे तर नवरीला खेटून बसावं लागतं. पहिलं बोलावणं आलं तेव्हा पदर तोंडावर धरून मला म्हणाली, "माजा गला गेलाय म्हून सांग. वासाचं कुनाला बोललीस तर बग."

मी तसं सांगितलं. पुढच्या घरालाही तेच. लोक हळहळले, दोन-चारदा विचारपूस करून गेले, मग यायचेच थांबले. त्या वर्षी ती काय बोलायची ते माझ्याशी, तेही भिंतीकडे तोंड करून.

अकरा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिला आरसा दिला. हाड झाकलं गेलं होतं, वर गुलाबी हिरडी आली होती. परतताना एसटीत आक्काची बडबड थांबेना. त्याच आठवड्यात गावातल्या ललिताच्या लेकीची, रीमाची हळद होती, अख्ख्या गावाला आमंत्रण होतं. मी म्हटलं, आधी ललिताला सांगून येऊ.

"सांगायचं काय त्यात? गायला बसले की कलंल," ती म्हणाली. तोरा परत आला होता. मला फार बरं वाटलं.

आम्ही मांडवात शिरलो तर धवले सुरू झालेले. आवाज आक्काचाच, पण स्पीकरमधून. कुणीतरी कुठल्या तरी लग्नात मोबाइलवर घेतलेले, आता प्रत्येक हळदीला तेच लावतात म्हणे. ललिता धावत आली, हात धरून आक्काला पुढच्या खुर्चीत बसवलं.

"आक्का, तुजा गला गेला तरी तुज्याबिगर हलद लागत न्हाय आमच्यात," ती म्हणाली, आणि तिचे डोळे खरंच भरून आले होते.

मी बोलायला गेले तर आक्कानं माझं मनगट गच्च दाबलं. मला तिचा राग आला, आणि घरोघरी खोटं सांगत फिरले म्हणून माझाही. बायका वळूनवळून तिच्याकडे बघत होत्या, गेलेल्या माणसाच्या फोटोकडे बघावं तशा. आक्का मात्र हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसली.

घरी येताना तिनं एवढंच विचारलं, "बरी म्हनते ना गो ती स्पीकरातली?"

मी हो म्हटलं.