चारशे बाराची वॉरंटी

चामनान उशिरा आलेला कुणी पाहिला नव्हता आणि वेळेवर आलेलाही कुणी पाहिला नव्हता. तो मुहूर्तावर यायचा.

थायलंडमधल्या फू थाप बोकच्या डोंगरावर कोबी भरायचा आणि खाली लोमसाकच्या बाजारात आणून टाकायचा, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. बाकीचे पिकअपवाले गाडी भरली की निघत. चामनान गाडी भरली की आधी खिशातून विहाराचं छोटं कॅलेंडर काढायचा, त्यावर बोट फिरवायचा आणि मग एकतर लगेच निघायचा, नाहीतर वीस मिनिटं बोनेटला टेकून उभा राहायचा. डोंगरावरचे शेतकरी हसायचे. कोबी मात्र त्याच्याच गाडीत भरायचे, कारण तीस वर्षांत त्याची गाडी एकदाही उलटली नव्हती. यात कॅलेंडरचा हात किती आणि पायाखालच्या ब्रेकचा किती, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

बायको सुनी डोंगराच्या पायथ्याशी शेवयांच्या सूपची गाडी चालवायची. तिचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. गिऱ्हाइकाला वाडगा देता देता ती सांगायची, "आमच्या लग्नात हा माणूस वऱ्हाड घेऊन आमच्या फाटकाबाहेर दीड तास उभा. वेळ भरायची होती म्हणे! माझ्या बापाला वाटलं, द्यायचं देज कमी करून मागतोय की पळून जायचा विचार करतोय. बाप बाहेर काठी घेऊन, आणि हे आपले घड्याळ बघतायत!"

"आणि पस्तीस वर्षं टिकलं की नाही?" चामनान म्हणायचा.

"ते मी टिकवलं," सुनी म्हणायची, आणि पुढच्या वाडग्याला हात घालायची.

आयुष्यात त्याने दोन पिकअप वापरल्या, दोन्ही दुसऱ्याच्या हातच्या. तिसरी मात्र नवीकोरी घ्यायची, असं त्याने पन्नाशी उलटल्यावर ठरवलं. विहारातल्या भन्तेजींनी पंचांग पाहून दिवस काढून दिला: गुरुवार, एकोणीस ऑगस्ट, सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटं. रंग हिरवा.

शोरूममध्ये हिरवी गाडी नव्हती. पांढरी होती. त्यावर उपाय सोपा होता आणि तिथल्या प्रत्येक स्टिकरवाल्याकडे तो मिळत होता. चामनानने 'ही गाडी हिरवी आहे' असं छापलेला स्टिकर मागच्या काचेवर लावायचं ठरवलं. ग्रहांना वाचता येतं, पण रंग कळत नाहीत, असा यामागचा हिशेब असावा.

दुसरी अडचण तारखेची होती. तो शोरूममध्ये गेला त्या दिवशी एकतीस जुलै होता. गाडी विकणारा वीरयुत तेव्हा साधा विक्रेता होता, केसांना तेल लावणारा, हात जोडून बोलणारा. तो काकुळतीला आला. "काका, सह्या आज करून टाका. महिन्याच्या टार्गेटला मला एकच गाडी कमी पडतेय. गाडी इथंच राहू दे. तुमच्या एकोणीस तारखेला, तुमच्या नऊ वाजून नऊ मिनिटांनी घेऊन जा. मी स्वतः चावी देतो."

महिनाअखेर हा शोरूमवाल्यांचा मुहूर्त असतो, हे चामनानला समजलं. आपल्यासारखाच मुहूर्त पाळणारा माणूस भेटला म्हणून त्याला बरंही वाटलं. त्याने सह्या केल्या.

एकोणीस तारखेला सगळं यथासांग झालं. आठ पन्नासला चामनान शोरूमच्या दारात येऊन बाहेरच उभा राहिला. नऊ वाजून नऊ मिनिटांनी आत पाऊल टाकलं. भन्तेजींनी गाडीच्या छताला आतून पांढऱ्या लेपाचे ठिपके लावले, आरशाला झेंडूचा हार आला, वीरयुतने पुठ्ठ्याची माणसाएवढी चावी चामनानच्या हातात दिली आणि फोटो निघाला. मग चामनान गाडीत बसला, चावी फिरवली आणि सुनीला म्हणाला, "आता ह्याचा फोटो काढ." ह्याचा म्हणजे किलोमीटरच्या आकड्याचा. नव्या गाडीचा पहिला आकडा लॉटरीला लावायचा असतो, एवढं तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

आकडा होता चारशे बारा.

नवी गाडी मालकाच्या हातात येते तेव्हा किती चाललेली असते, हे चामनानला माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्याला वाटलं, गाड्या येताना आकडा घेऊनच येतात. गावातल्या निम्म्या लोकांनी चारशे बारावर पैसे लावले आणि एक सप्टेंबरला शेवटचे तीन आकडे आले चार, एक, दोन.

मग काय विचारता! गावाच्या वेशीवरच्या राखणदार देवतेच्या छोट्या देवळाला नवं छप्पर आलं, आणि त्याच्या खांबावर लाल रंगात ४१२ लिहिलं गेलं. लोक तान्ही पोरं आणून चामनानच्या गाडीच्या बंपरला हात लावायला लावू लागले. ज्या बाजारात त्याला आजवर "ए कोबी, गाडी पुढे घे" अशी हाक यायची, तिथे आता बसायला खुर्ची मिळू लागली. खुर्चीत बसताना तो आधी किंचित घुटमळायचा. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी उठून जागा देण्याची त्याला सवय नव्हती. हे सुख त्याला फार आवडलं, हे सांगायला हवं.

तीन वर्षं गाडी मुकाट्याने चालली. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी भरेल ते. किलोमीटर अठ्ठ्याऐंशी हजार झाले होते. नऊ ऑगस्टला कोबीने खच्चून भरलेली गाडी डोंगराच्या उतारावर आचके द्यायला लागली, पिवळा दिवा पेटला आणि इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा होतो. चामनानने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. चावी काढून तो खाली उतरला.

मग त्याने तपासणी केली. आधी आरशाचा हार पाहिला, मग छताचे ठिपके, मग स्टिकर. सगळं जागच्या जागी होतं. त्यानंतर बोनेट उघडलं.

गावच्या मिस्त्रीने फिल्टर काढून हातावर उलटा केला. डिझेलमध्ये चांदीसारखी चमचमणारी बारीक कणी होती. "काका, इंजेक्शन पंप आतून खाल्ला गेलाय," तो म्हणाला. "त्याचा चुरा पुढे नळ्यांत आणि नोझलांत गेलाय. आता सगळंच बदलायला लागेल. माझ्या हातात नाही, शोरूमलाच न्या."

शोरूमने आकडा सांगितला: एक लाख चाळीस हजार बाट. एवढे पैसे घालायचे तर गाडी विकावी लागणार होती, आणि बंद गाडी विकायची तर तिला कोण विचारणार? सुनीने आयुष्यात पहिल्यांदा सूपची गाडी एक दिवस बंद ठेवली आणि नवऱ्याबरोबर लोमसाकला आली. वॉरंटीत बसलं तर गाडी राहील, नाही तर जाईल, इतकी सरळ गोष्ट होती.

आधी शोरूमने दोष डिझेलवर ढकलला. तुम्ही रस्त्याकडेच्या पिंपातलं डिझेल घातलं असणार, त्यात पाणी असणार. टाकीतला नमुना तपासायला गेला, त्यात चार दिवस गेले. नमुना स्वच्छ निघाला. चामनानने समाधानाने मान हलवली. मग सर्व्हिस काउंटरवरच्या नुच नावाच्या मुलीने कागद उलटला आणि तारखेवर घोडं अडलं.

"मावशी, वॉरंटी एकतीस जुलैला संपली," ती सुनीला म्हणाली, कारण चामनानकडे बघून सांगायला तिला जड जात होतं. "गाडी नऊ ऑगस्टला बंद पडली. नऊ दिवसांनी चुकलं हो."

"अगं पण गाडी आम्ही एकोणीस ऑगस्टला नेली!" चामनान म्हणाला. "तुमच्या साहेबांनी स्वतः चावी दिली. एवढी मोठी चावी!"

"ते खरं असेल काका, पण विक्रीची तारीख एकतीस जुलै आहे. सह्या तुमच्याच आहेत."

सुनीने नवऱ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात फाटकाबाहेरचा दीड तास होता आणि पस्तीस वर्षांची सगळी वीस-वीस मिनिटं होती. "घ्या," ती म्हणाली. "नऊ वाजून नऊ मिनिटं घ्या आता पदरात. एकोणीस दिवस गाडी इथं शोभेला ठेवली, आणि नऊ दिवसांनी बुडालो."

चामनानने खिशातलं कॅलेंडर आणखी आत सारलं. नुचलाही वाईट वाटलं असावं. आपण काहीतरी करतोय हे दिसावं म्हणून ती फॉर्म भरत राहिली. "तरी मी वरच्या ऑफिसला पाठवून बघते. मालक चामनान... गाडी पांढरी..."

"हिरवी," चामनान सवयीने म्हणाला.

"...पांढरी. ताब्यात देतानाचं रीडिंग, आठ किलोमीटर."

"आठ?" चामनान ताडकन उठला. गाडी गेली तरी चालेल, पण हे ऐकून घेणं शक्य नव्हतं. "आठ कुणी लिहिलं? चारशे बारा! अख्ख्या गावाला विचार. आमच्या वेशीवर लाल रंगात लिहिलंय. घरी देवाशेजारी फोटो लावलाय, तारखेसकट. म्हणे आठ!"

नुचचं पेन थांबलं. "काका, नवी गाडी आठ-दहाच चाललेली असते. चारशे बारा कशी असेल? ती तर इथं उभी होती ना?"

चामनान अजून रागातच होता, त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. सुनीच्या शिरलं. तिने गळ्यातल्या गमछ्याने तोंड पुसलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "पोरी, तुझ्या साहेबांना बाहेर बोलाव. म्हणावं, शेवयावाली मावशी आलीय."

वीरयुत आता शाखेचा मॅनेजर झाला होता. तेल कमी झालं होतं, पोट आलं होतं, हात मात्र तसेच जोडलेले होते. सुनीने त्याला बसूही दिलं नाही.

"साहेब, एक सांगा. एकतीस जुलैला गाडी आमची झाली की नाही?"

"झाली ना मावशी. कायद्याने झाली."

"मग आमची गाडी आम्हाला न विचारता चारशे किलोमीटर कुणी पळवली?"

वीरयुतचे जोडलेले हात सुटले.

"आणि आमची झाली नव्हती, तुमचीच होती म्हणत असाल," सुनी पुढे म्हणाली, "तर आमची वॉरंटी एकोणीस ऑगस्टपासून धरा. दोन्हीपैकी काय ते तुम्हीच ठरवा. आम्ही अडाणी माणसं."

"काका," वीरयुत चामनानकडे वळून कळवळून म्हणाला, "तो आकडा तुम्ही नीट वाचला होता ना? कधीकधी उन्हात..."

आत्ता कुठे चामनानला कळलं. तो खुर्चीत बसला. चारशे बारा हा आकडा वरून आलेला नव्हता. तो रस्त्यावरून आला होता, या तेलकट माणसाच्या पायाखालून. देवळाचं छप्पर, खांबावरचा लाल रंग, बंपरला हात लावणारी पोरं, बाजारातली खुर्ची, सगळं डोळ्यांपुढून गेलं. वाचताना चुकलो असं म्हटलं असतं तर ते सगळं जागच्या जागी राहिलं असतं आणि गाडी गेली असती. सुनी त्याच्याकडे बघत होती, आणि या वेळी त्या बघण्यात टोमणा नव्हता.

"नीट वाचला होता," तो म्हणाला. "फोटो आहे." मग त्याने विचारलं, "कुठं गेला होतास रे?"

वीरयुतने मान खाली घातली. "खोनकेनच्या पुढे, सासुरवाडीला. मेव्हणा भिक्खू होणार होता, त्याच्या दीक्षेचा कार्यक्रम. मांडवाच्या खुर्च्या न्यायला गाडी मिळेना. जाताना दोनशे दोन, येताना दोनशे दोन. चूक झाली काका."

"दीक्षेला?" चामनानने मान वर केली. "किती वाजता निघालास?"

"अं?"

"घरातून. किती वाजता निघालास?"

वीरयुतने मदतीसाठी नुचकडे पाहिलं, नुचने छताकडे. "सकाळी... नऊच्या सुमारास असेल."

"नऊच्या सुमारास," चामनानने हळूच पुन्हा म्हटलं, आणि मान डोलावली. सुनीने कपाळाला हात लावला.

वॉरंटी एकोणीस ऑगस्टपासून धरली गेली. फॉर्मवर नवी तारीख आली, खाली वीरयुतची सही आली, आणि तो फोटो घरातल्या देवाशेजारीच राहील, वरच्या ऑफिसात जाणार नाही, एवढं तोंडी ठरलं. दोन आठवड्यांनी नवा पंप, नव्या नळ्या आणि नवी नोझलं घालून गाडी तयार झाली. चामनान ती आणायला गेला आणि मुहूर्त भरेपर्यंत दाराबाहेर उभा राहिला, तेव्हा शोरूममधल्या कुणीही त्याला लवकर आत या असं म्हटलं नाही.

गावच्या वेशीवर लोक वाट बघत होते. मिस्त्री सगळ्यांत पुढे होता. "काका, तारीख उलटली होती म्हणे? मग फुकट कसं करून दिलं?"

सुनीने तोंड उघडलं. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायची अशी संधी पुन्हा आली नसती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो स्टेअरिंग धरून समोरच्या लाल आकड्याकडे बघत होता.

"चारशे बारानं वाचवलं," ती म्हणाली.

गर्दीतून आनंदाचा आवाज उठला, आणि मागचे दोघे-तिघे लॉटरीवालीकडे पळालेसुद्धा.

चामनान खाली उतरला. दुकानातून लाल सरबताच्या दोन बाटल्या आणून त्याने देवळापुढे नैवेद्य म्हणून ठेवल्या. देवाला प्यायला एकीत नळी खोचली, हात जोडले.

"नेहमी एक ठेवता," सुनी हळू आवाजात म्हणाली. "दुसरी कुणाला?"

"ज्यानं खुर्च्या नेल्या त्याला."

सुनीने दुसऱ्या बाटलीतही नळी खोचली.